माळ्यावरच्या गेममध्ये २३ अवतरणं. किती ठेवू, किती काढू?

महालकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, रात्रीची जेवणं झाल्यावर मी एक मराठी टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर लिहीत बसतो. ज्यांनी असला गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी: यात चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही कुठे आहात ते गेम सांगतो, तुम्ही 'कंदील घे', 'कोनाड्यात बघ', 'जिना चढ' असं टाइप करता आणि गोष्ट पुढे सरकते. माझी गोष्ट नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात घडते. वाडा उद्या पडणार आहे. आज मारबत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची आपली नागपुरी मिरवणूक. बाहेर मिरवणुकीचा गोंधळ, आत तुम्ही एकटे. आजोबांनी माळ्यावर काहीतरी लपवून ठेवलंय, ते संध्याकाळपर्यंत शोधायचं.

आता अडचण. प्रत्येक खोलीत शिरलं की वर एक चौकट उमटते आणि तिच्यात एक अवतरण. देवघरात ओवी, माजघरात अभंग, जिन्यात कविता, विहिरीपाशी अर्थातच बालकवी. एकूण २३. मला वाटलं होतं, वाडाच बोलतोय असं वाटेल. परवा मावसबहिणीला खेळायला बसवलं आणि मी मागे उभा राहिलो. पहिली चौकट तिनं वाचली. दुसरी अर्धी. तिसरीपासून चौकट दिसली रे दिसली की तिचं बोट एंटरवर. शेवटी विचारलं, "ओळी कशा वाटल्या?" तर म्हणे, "कोणत्या?"

एकेक ओळ शोधायला मी रात्री घालवल्यात हो. सांगा, काय करू?

---

तर्रीबाज

बाप्पा, २३? वाडा हाय का संमेलनाचा मांडव?

मी खेळलो ना भाऊ, तू मागच्या महिन्यात देल्ला होता तं. मले काय आठवते सांगू? कंदिलात तेल नव्हतं. ते तेल शोधता शोधता माहा अर्धा तास गेला, आन् शेवटी तुयशीपाशी दिव्याच्या बुधलीत भेटलं. ते मी मरेपर्यंत विसरत नाई. अभंग एक बी ध्यानात नाई. चौकट आली का मले वाटे जाहिरात आली.

---

जुनी_फ्लॉपी

महालकर, या खड्ड्यात पडणारे तुम्ही पहिले नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

हा प्रकार ज्यानं सगळ्यांच्या डोक्यात भरवला तो गेम म्हणजे इन्फोकॉम कंपनीचा 'ट्रिनिटी', १९८६ सालचा, लेखक ब्रायन मोरियार्टी. सुरुवात लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये, सुट्टीवर आलेला साधा पर्यटक म्हणून. मग अणुयुद्ध पेटतं, आणि फिरत फिरत तुम्ही पोचता न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, जुलै १९४५ मध्ये, पहिल्या अणुचाचणीच्या जागी. अधूनमधून पडद्याच्या वरच्या भागात चौकट उमटते, तिच्यात कुणा कवीची, लेखकाची ओळ. पुढचं काही टाइप करत गेलात की ती निघून जाते.

हे फुकट नव्हतं. इन्फोकॉमच्या नेहमीच्या गेमला १२८ केबीची मर्यादा असे. ट्रिनिटी मोठ्या साच्यातला, तरी मर्यादा २५६ केबीच. आज व्हॉट्सअ‍ॅपवरचं एक गुड मॉर्निंगही त्यात मावायचं नाही. त्यातली जागा माणसानं दुसऱ्यांच्या ओळींना दिली, म्हणजे प्रत्येक ओळीला पोटाची भाकर काढून दिल्यासारखंच. तुम्हाला जागेची कसलीच चणचण नाही आणि मला वाटतं तिथेच घोळ आहे.

पुढे १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सनचा 'कर्सेस' आला. तुमच्यासारखाच माळ्यावरचा! घरातले सगळे सहलीला निघालेत आणि आपण माळ्यावर पॅरिसचा नकाशा शोधतोय. त्यातही अवतरणं भरपूर. हा गेम ज्या भाषेत लिहिला ती 'इन्फॉर्म' नेल्सननंच बनवलेली, आणि तिच्यात चौकट काढायला एक आयती आज्ञा आहे. आज्ञा लिहायची, खाली ओळी द्यायच्या, झालं. आयतं मिळालं की माणूस वापरतोच, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं.

याच नेल्सनचं एक म्हणणं आहे, की अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे गोष्ट आणि शब्दकोडं यांच्यातलं युद्ध. तुमच्या २३ ओळी कुणाच्या बाजूनं लढतायत? गोष्टीच्या नाहीत, कारण गोष्ट थांबते. कोड्याच्याही नाहीत, कारण वाचल्या काय न वाचल्या काय, कंदिलात तेल येत नाही. त्या युद्ध बघायला आलेल्या बघ्या आहेत.

---

रसभंग

मी जरा कडक बोलतो. सगळ्या काढा. २३ च्या २३.

अवतरण म्हणजे उसना दागिना. स्वतःच्या वर्णनावर भरवसा नाही म्हणून माणूस ज्ञानोबांना पुढे करतो. तुमच्या देवघराचं वर्णन मी वाचलंय: 'समईच्या काळ्या टोकाला अजून कापसाचा वास येतो.' चांगलं वाक्य आहे की! मग त्याच्या डोक्यावर सातशे वर्षांपूर्वीची ओवी ठेवून त्या वाक्याला लाज का आणता?

आणि निवड तरी कशी? माजघरात 'आम्हां घरीं धन शब्दांचीच रत्नें'. अहो, ही ओळ निमंत्रणपत्रिका, स्मरणिका आणि शाळेच्या फळ्यावर इतकी झिजलीय की ती आता कुणी वाचत नाही, नुसती ओळखतो. तुकोबांचा त्यात काही दोष नाही.

---

महालकर

@रसभंग, समईचं वाक्य आवडलं त्याबद्दल आभार, बाकीच्याबद्दल नंतर भांडू.

@जुनी_फ्लॉपी काका, बघ्या हा शब्द लागला. पण मग ट्रिनिटीतली अवतरणं का चालतात?

---

जुनी_फ्लॉपी

माझं मत विचाराल तर, त्या गोष्टीचा शेवट आपल्या सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे. बॉम्ब फुटला, हे इतिहासात लिहिलेलं आहे. त्यामुळे वरून येणारी प्रत्येक ओळ साक्षीदारासारखी वाटते, लोक हे आधीच सांगून गेले होते असं. तुमच्या वाड्याचं काय होणार हेही ठाऊक आहे, तो पडणार. पण तुमच्या ओळी वाडा पडण्याबद्दल काहीच म्हणत नाहीत. विहीर दिसली की पाण्याची कविता, देव दिसला की ओवी. हे नुसतं चिठ्ठ्या चिकटवणं झालं.

---

ओवीताई

उशिरा आले, वाचून काढलं सगळं. मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे रसभंग यांच्याशी माझं पटणार नाही हे उघड आहे. पण महालकर, बाळा, तुझंही चुकतंय.

तू अवतरण छापील पुस्तकासारखं वापरतोयस: प्रकरण उघडलं, वर एक ओळ, खाली मजकूर. ही चाल आपल्याकडे छपाईबरोबर रुजली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे दुसऱ्याची ओळ घेऊन तासभर माणसं बसवून ठेवायची एक पक्की रीत आहे, तिला कीर्तन म्हणतात. नारदीय कीर्तन आठव. बुवा उभे राहतात, पूर्वरंगात एक अभंग घेतात. एकच. त्याचं निरूपण करतात, आणि तेव्हा तो नुसता ऐकायला बरा वाटतो. मग उत्तररंगात आख्यान: कुणी राजा, कुणी भक्त, कुणाची फजिती. लोक अभंग विसरून गोष्टीत बुडतात. आणि आख्यान संपताना बुवा तोच अभंग पुन्हा उचलतात. शब्द तेच. पण आता मधे गोष्ट घडून गेलेली असते, म्हणून तीच ओळ ऐकताना म्हातारी माणसं डोळे पुसतात.

तुझ्या गेममध्ये २३ पूर्वरंग आहेत रे, उत्तररंग एकही नाही.

एक ओळ घे. दारात दाखव. मग विसर. खेळणारा वाडा उलटापालटा करू दे. आणि माळ्यावरची पेटी उघडल्यावर तीच ओळ आजोबांच्या अक्षरात सापडू दे. तेव्हा एंटर दाबायला बोट उठतं का बघ.

दुसरं. आमच्या लहानपणी भुलाबाई बसायच्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी झाली की खाऊ. पण तो सरळ मिळायचा नाही. बंद डबा खळखळ वाजवायचा आणि ओळखायचं. 'शेंगदाणे?' नाही. 'फुटाणे?' नाही. 'गोड की तिखट?' तिखट. 'चिवडा?' हे तुझं जे टाइप करून विचारायचं यंत्र आहे ना, ते आम्ही परकर नेसून खेळलोय. गाणं आणि कोडं एकाच अंगणात होतं आणि त्यांचं युद्ध वगैरे झाल्याचं मला आठवत नाही. गाणं म्हटल्याशिवाय खाऊ नाही, एवढा सरळ व्यवहार.

मग तुझ्या गेममध्ये ओळ म्हटल्याशिवाय दार उघडत नाही, असं का नाही करत? आपली माणसं ओळ वाचत नाहीत, पुरी करतात. 'आम्हां घरीं धन' म्हणून बघ कुणापुढे, पुढचं आपोआप येतं. झिजलेली ओळ हवीच, रसभंग. न झिजलेली कुणाला पाठ असणार?

---

तर्रीबाज

ताई, डबा वाजवून खाऊ ओळखणं! आमच्या घरी माही बहीण डब्याचा वास घेऊन सांगे, तिले बाहेर काढलं होतं.

---

अनुस्वार

ओवीताईंची कल्पना झकास आहे, पण करायला गेलात की काय होतं ते सांगतो. मी गेल्या वर्षी असलंच काही करून हात पोळून घेतलेत.

आधी चौकटीचं. इन्फॉर्मची जुनी चौकट पडद्याच्या वरच्या खिडकीत उमटते आणि तिथे प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी धरलेली असते. चौकट किती रुंद काढायची हे अक्षरं मोजून ठरतं. इंग्रजीत ठीक. आपल्याकडे 'शस्त्रें' लिहा: डोळ्याला दोन अक्षरं, यंत्राला आठ. श, स, हलन्त, त, हलन्त, र, मात्रा, अनुस्वार. चौकट चार गावं पुढे जाऊन बंद होते आणि आत ओळ कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. मी दोन आठवडे रिकाम्या जागा मोजत होतो. शेवटी गेम ट्वाइनमध्ये, म्हणजे वेब पानावर नेला. तिथे चौकट ब्राउझर काढतो, आपण हात जोडून बाजूला व्हायचं. त्या बदल्यात 'कंदील घे' ओळखणारा पार्सर स्वतः लिहावा लागला. मराठीत तो लिहिणं ही वेगळी शिक्षा: कंदील घे, कंदील घ्या, कंदिलाला उचल, कंदिलात बघ. नावच रूप बदलतं. पण तो विषय वेगळ्या धाग्याचा.

आता ओळ टाइप करून घेण्याचं. गाथेत छापलंय 'शब्दांचीच शस्त्रें यत्न करूं'. खेळणारा टाइप करणार 'शब्दांचीच शस्त्रे यत्न करू'. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यामुळे आजच्या हाताला ते येतच नाहीत. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी वाक्यं. गेम म्हणणार 'असं काही मला कळत नाही', आणि खेळणारा तुकाराम बरोबर म्हणूनही दाराबाहेर.

उपाय: तुलना करण्याआधी दोन्हीकडचे सगळे अनुस्वार काढून टाका, दंड आणि स्वल्पविराम काढा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा. 'ऱ' वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या तऱ्हेनं येतो, कधी एकच चिन्ह, कधी र आणि खाली नुक्ता, तेही एक करून घ्या. यानं 'मंद' आणि 'मद' सारखेच ठरतात. ठरू द्या, परीक्षा घेत नाहीये आपण. पडद्यावर मात्र ओळ छापील पाठाप्रमाणेच दाखवा, अनुस्वारांसकट.

आणि एक: चौकट प्रत्येक वेळी खोलीत शिरलं की येते का? मग बहिणीचं काही चुकलं नाही. इन्फॉर्म ७ मध्ये एक अवतरण एका खेळात एकदाच दिसतं, तशीच सोय आहे. तुम्ही वेगळं काही केलंय का?

---

महालकर

... हो. मी मुद्दाम प्रत्येक वेळी दाखवत होतो. माजघरातून अकरा वेळा जावं लागतं.

---

तर्रीबाज

अकरा वेळा!! अन् वरून इचारते, ओळी कशा वाटल्या 😂

---

कलम५२

सगळे कलेबद्दल बोलताय, मी रुक्ष बोलतो. यादीत कोणकोण आहेत ते सांगा.

---

महालकर

ज्ञानेश्वर, तुकाराम, बहिणाबाई (दोन्ही), केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, मर्ढेकर, सुरेश भट, ग्रेस. शेवटचे दोघे आपल्या नागपूरशी जोडलेले म्हणून खास. आणि पु.लं.ची दोन वाक्यं.

---

कलम५२

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. आधी ५० होती, रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा १० वाढवली. तुमच्या यादीला लावून बघा. संत मंडळी मोकळी. केशवसुत १९०५, बालकवी १९१८, मोकळे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, आपल्या सावनेरलाच, तेही मोकळे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, २०१६ च्या शेवटी मुदत संपली. दोन बहिणाबाईंपैकी खानदेशच्या चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांचं पुस्तक त्यानंतर छापलं गेलं आणि मरणोत्तर प्रकाशनाला मोजणी प्रकाशनाच्या वर्षापासून होते. तरीही आज मोकळ्या.

सुरेश भट २००३ मध्ये गेले: २०६३ अखेरपर्यंत बंधन. ग्रेस २०१२: २०७२ अखेर. पु.ल. २०००: २०६० अखेर. यांच्या ओळी हव्या असतील तर परवानगी मागा. लोक म्हणतात, दोनच ओळी तर आहेत. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा, बातमी अशा गोष्टींना सूट आहे, खोलीच्या सजावटीला नाही. शिवाय दोन ओळी कादंबरीतल्या वेगळ्या आणि आठ ओळींच्या कवितेतल्या वेगळ्या.

पु.लं.ची दोन वाक्यं कुठून घेतली?

---

महालकर

एक फॅमिली ग्रुपवरून 🙈

---

ओवीताई

पु.लं.च्या नावावर जेवढं फिरतं तेवढं त्यांनी खरंच लिहिलं असतं तर त्यांना पेटी वाजवायला वेळच मिळाला नसता. पुस्तकाचं पान डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुणाच्या नावावर काही घालू नकोस. तुकोबांचंही तेच. अभंग आहे म्हणून गाथेत असेलच असं नाही. वाचनालयात जा, पान बघ, मग टाइप कर.

---

रसभंग

मी हटत नाही, पण थोडा सरकतो. कीर्तनाचं उदाहरण मला पटलं. एक ओळ, दोनदा. माझा आक्षेप सजावटीला आहे, आणि तिथे ती सजावट राहत नाही.

पण एक विचारतो. वाडा महालात, दिवस मारबतीचा. बाहेर हजारो लोक ओरडतायत, आणि तुमच्या २३ चौकटींत ते ओरडणं कुठेच नाही? 'घेऊन जा गे मारबत' हे या शहराचं सगळ्यात पाठ असलेलं वाक्य. त्याला कवी नाही, स्वामित्वहक्क नाही, अनुस्वाराचं भांडण नाही. ते साहित्य नाही म्हणून वगळलंत का?

आणखी एक तसलंच. झिरो माइलच्या खांबापाशी दगडावर गावांची नावं आणि अंतरं कोरलीयत. आजोबा नोकरीसाठी घर सोडून गेलेले दाखवलेत ना? मग त्या दगडावरचं एक नाव आणि एक आकडा कुठल्याही कवितेपेक्षा जास्त बोलेल. प्रत्यक्ष उभं राहून उतरवून आणा मात्र.

---

ओवीताई

रसभंग, हे तुम्ही माझ्या मनातलं बोललात. आणि त्या आरोळीची गंमत अशी की ती कधीच पुरी नसते. 'इडा पिडा' कायम, पण पुढे जो तो आपलं घालतो. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. बडग्यांवर, म्हणजे मारबतीबरोबरच्या पुतळ्यांवर, काय लिहितात बघ, दर वर्षी नवं. म्हणजे ओळीत रिकामी जागा आहे आणि ती ज्यानं त्यानं भरायची.

---

अनुस्वार

आणि रिकाम्या जागेत काहीही चालतं, म्हणजे तुलनाच करावी लागत नाही! शेवटी 'घेऊन जा गे मारबत' आहे का एवढंच बघायचं. प्रोग्रामरला याहून सुखाचं काय.

---

महालकर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

२३ पैकी २२ ओळी उडवल्या, तुकोबांची तेवढी ठेवली. ग्रेस काढताना जीव तुटला, पण २०७२ पर्यंत थांबायची माझी तयारी नाही. पु.ल. निघाले, ग्रुपवर विचारलं तर वाक्य कुणी पाठवलं तेही कुणाला आठवेना. बालकवी विहिरीपाशी होते ते ठेवावे असं खूप वाटलं, पण ओवीताईंचा 'चिठ्ठ्या चिकटवणं' हा शब्द (की जुनी_फ्लॉपी काकांचा?) डोक्यातून जाईना.

तुकोबांची ओळ आता दारावर आहे, चौकटीत नाही, चौकटीवरच: दाराच्या लाकडी चौकटीवर खडूनं अर्धी लिहिलेली. माळ्यावरची पेटी उरलेली अर्धी म्हटल्याशिवाय उघडत नाही. शस्त्रें, शस्त्रे, शस्त्रं, काहीही चालतं. पेटीत काय आहे ते इथे सांगत नाही. झिरो माइलला जाऊन आलो, पहाटे, वर्दळ नसताना. दगडावरचं एक नाव, एक आकडा आजोबांच्या पाकिटातल्या चिठ्ठीत बसवला.

तिसरी ती आरोळी. ती खिडकीतून येते, गेम सुरू झाल्यापासून, कधी लांबून, कधी जवळून, चौकटीशिवाय, वर्णनातच मिसळून. शेवटी तुम्ही वाड्याबाहेर येता, पिवळी मारबत समोरून चाललेली असते, आणि गेम पहिल्यांदाच काही न सांगता थांबतो. नुसता कर्सर. तुम्ही काय ओरडता ते तुमच्यावर.

काल मावसबहिणीला परत बसवलं, तर्री-पोह्याची लाच देऊन. दारावरची ओळ बघून तिनं पुढचं तोंडानं म्हटलं, अजून गेमनं विचारलंही नव्हतं. पेटीपाशी दोनदा टाइप चुकलं, तिसऱ्यांदा उघडली. मग बराच वेळ काही टाइप केलं नाही. शेवटी रस्त्यावर आली, कर्सरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टाइप केलं:

> तेवीस चौकटी घेऊन जा गे मारबत

---

तर्रीबाज

बहिणीले माह्याकडून अजून एक प्लेट पोहे. तर्री जास्त.